वेगाचा जमाखर्च



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या अध्यापनाचा एक विशेष त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. निबंधात कोणी मोठा शब्द वापरला, की ते समासात एक प्रश्नचिन्ह काढीत आणि ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारीत. आज मी जो विषय निवडला आहे तो वरकरणी माझा नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविले. रूळ, चुंबक आणि बोगदे ही माझी क्षेत्रे नव्हेत. परंतु अतिवेगवान रेल्वेच्या संदर्भात ‘प्रगती’, ‘पर्यावरणपूरक’, ‘सार्वजनिक हित’, ‘भरपाई’ असे अनेक मोठे शब्द आपल्या कानांवर पडत आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या समासात गुरुजींचे ते प्रश्नचिन्ह काढावे, असे मला वाटते. पुढील विवेचन हा त्या दिशेने केलेला एक प्रयत्न होय.

चुंबकावर तरंगणारी गाडी

इंदूरकरांना हा विषय अगदीच परका नाही. आपल्या शहराच्या कडेला, सुखनिवासच्या परिसरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. २०१९ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी तयार केलेला चुंबकीय तरंगगाडीचा एक छोटा नमुना वृत्तपत्रांतून गाजला होता. द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेला अतिवाहक पदार्थ आणि खाली चुंबकांचा मार्ग अशी त्याची रचना होती. मार्गाला स्पर्श न करता तो नमुना धावत होता.

या गाडीला इंग्रजीत ‘मॅग्लेव्ह’ म्हणतात. तिचे तत्त्व आपल्याला शाळेतच भेटलेले आहे. चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, सजातीय ध्रुव लोटतात. जर्मन पद्धतीत गाडीखालचे विद्युत्चुंबक मार्गाच्या पोलादी पट्टीकडे ओढले जातात आणि सुमारे एक सेंटिमीटर अंतर राखून गाडी तरंगती ठेवतात. जपानी पद्धतीत गाडीवर अतिवाहक चुंबक असतात. ते उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागतात. गाडीने वेग घेतला, की बाजूच्या भिंतींतील वेटोळ्यांमध्ये विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्याच्या बळाने गाडी सुमारे दहा सेंटिमीटर वर उचलली जाते. तोवर, म्हणजे ताशी सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत, ती रबरी चाकांवरच धावते. या पद्धतीच्या गाडीने एप्रिल २०१५ मध्ये चाचणीमार्गावर ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला.

चाक नाही, म्हणून घर्षण नाही. घर्षण नाही, म्हणून ऊर्जा कमी लागते, असा एक समज या गाडीविषयी प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. अतिवेगात गाडीचा मुख्य शत्रू रूळ नसून हवा असते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३२० किलोमीटरऐवजी ५०० किलोमीटर वेगाने जायचे झाल्यास वेग दीडपटीहून थोडा अधिक होतो, परंतु हवेचा विरोध सुमारे अडीचपट होतो. तेवढेच अंतर कापण्यासाठी हवेशी झगडण्यात खर्च होणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. बोगद्यात तर हवेला बाजूला सरकायला जागाच नसते. तेथे हा विरोध आणखी तीव्र होतो. म्हणजे चाकाच्या घर्षणात जे वाचविले, त्याहून कितीतरी अधिक आपण वेगापायी मोजतो.

ही ऊर्जा वीज म्हणून येते, आणि वीज कोठून येते हा पुढचा प्रश्न आहे. भारतातील विजेचा बहुतांश भाग आजही कोळशातून निर्माण होतो. गाडीच्या मागे धूर दिसत नाही, कारण तो सिंगरौलीच्या किंवा चंद्रपूरच्या चिमणीतून निघालेला असतो. विजेवर चालणारी गाडी स्वच्छ आहे, हे विधान विजेच्या उगमाचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

जपानचा धडा : डोंगरातील पाणी

जगात दीर्घ पल्ल्याची चुंबकीय तरंगगाडी उभारण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न जपानमध्ये चालू आहे. टोकियो ते नागोया हा सुमारे २८६ किलोमीटरचा मार्ग २०१४ मध्ये मंजूर झाला. अतिवेगाला वळणे सोसत नाहीत. मार्ग शक्य तितका सरळ हवा. डोंगराळ देशात सरळ जायचे म्हणजे डोंगर पोखरत जायचे. परिणामी या मार्गाचा शेकडा ८६ भाग बोगद्यांत आहे.

यातून उद्भवलेला वाद प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. शिझुओका प्रांतातून या मार्गाचा जेमतेम अकरा किलोमीटरचा तुकडा जातो, तोही उंच पर्वताच्या पोटातून. परंतु त्याच पर्वतात ओई नदीचे पाणी साठते. खुद्द रेल्वे कंपनीने २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, उपाय न योजल्यास बोगद्यामुळे नदीचे पाणी सेकंदाला दोन घनमीटरपर्यंत घटू शकत होते. खालच्या खोऱ्यातील चहाचे मळे, गावे आणि कारखाने याच नदीवर अवलंबून आहेत. प्रांताने वर्षानुवर्षे संमती रोखून धरली, आणि मार्च २०२४ मध्ये कंपनीला २०२७ चा मुहूर्त साधणे शक्य नसल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी गिफू प्रांतातील मिझुनामी येथे बोगद्याचे काम चालू असताना परिसरातील विहिरी व तळी यांची पातळी उतरल्याचे आढळले आणि तेथील खोदकाम थांबविण्यात आले.

डोंगर हा वरून कोरडा दिसला तरी आतून तो पाण्याचा रांजण असतो. खडकाच्या भेगांतून पाणी हळूहळू झिरपते आणि उन्हाळ्यात झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बोगदा हे त्या रांजणाला पाडलेले छिद्र असते. अस्तर लावून, गळती बुजवून, पाणी परत नदीत उपसून हे नुकसान कमी करता येते. परंतु त्यासाठी छिद्र पाडण्यापूर्वी पाण्याच्या वाटा माहीत असाव्या लागतात. विहिरींची पातळी काम सुरू होण्याआधी अनेक वर्षे मोजलेली नसेल, तर नंतर घट झाली हे सिद्ध कशावरून करायचे?

दुसरा धडा आवाजाचा आहे. जपानची पहिली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावली, तेव्हा जगाने तिचे कौतुक केले. परंतु मार्गालगत राहणाऱ्यांच्या घरांना हादरे बसत होते. नागोया येथील रहिवाशांनी १९७४ मध्ये आवाज व कंपने यांविरुद्ध दावा दाखल केला. १९७५ मध्ये जपानने निवासी भागासाठी ७० डेसिबलची मर्यादा ठरविली आणि १९८६ मध्ये त्या दाव्यात तडजोड झाली. पुढे बोगद्याच्या मुखाशी होणारा स्फोटासारखा आवाज कमी करण्यासाठी, १९९७ मध्ये धावू लागलेल्या एका गाडीचे तोंड खंड्या पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते केले गेले. हवेतून पाण्यात सूर मारताना खंड्या थेंबही फारसा उडू देत नाही, हे एका पक्षिप्रेमी अभियंत्याच्या ध्यानात आले होते. या दोन्ही गोष्टींचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी लोकांनी तक्रार केली, मग मर्यादा ठरली आणि मर्यादा ठरल्यावर शास्त्राने मार्ग शोधला. ज्या देशात तक्रारीला विरोध समजले जाते, तेथे शास्त्रालाही काम मिळत नाही.

चीनमध्ये शांघायच्या विमानतळापासून तीस किलोमीटरचा तरंगगाडीचा मार्ग २००४ पासून नियमित चालू आहे. तो हांगचौच्या दिशेने वाढविण्याचा बेत होता. २००८ च्या आरंभी मार्गालगतचे रहिवासी आवाज आणि चुंबकीय प्रारण यांच्या भीतीने रस्त्यावर आले आणि तो बेत मागे पडला. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे त्या भीतीचा एक भाग अवाजवी होता असे म्हणता येईल. पण लोकांच्या भाषेत, लोकांच्या शंकांना वेळेवर उत्तर दिले नाही, की भीती ज्ञानाची जागा घेते.

आपल्या दाराशी आलेला वेग

भारतात चुंबकीय तरंगगाडीचा एकही व्यापारी मार्ग नाही. मुंबई–पुणे दरम्यान निर्वात नळीतून तरंगत जाणाऱ्या ‘हायपरलूप’चा गाजावाजा २०१८ साली झाला, ती योजना कागदावरच राहिली आणि तिच्यामागची परदेशी कंपनी २०२३ अखेर बंद पडली. परंतु चाकांवर चालणारी अतिवेगवान गाडी मात्र आपल्या दाराशी आली आहे. मुंबई–अहमदाबाद मार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसविण्यात आली. लांबी ५०८ किलोमीटर, त्यापैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, स्थानके बारा, नियोजित वेग ताशी ३२० किलोमीटर, मूळ अंदाजित खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपये, आणि त्याचा शेकडा ८१ भाग जपानचे कर्ज. तरंगगाडीविषयी जे प्रश्न उद्भवतात, ते बहुतेक सर्व या मार्गावर आपल्याला प्रत्यक्ष तपासता येतात.

आधी न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. या मार्गाचा सुमारे नव्वद टक्के भाग खांबांवर उभारलेल्या पुलावरून जातो. जुन्या पद्धतीचा मातीचा भराव रुंद जागा व्यापतो, ओढ्यांचे पाणी अडवितो आणि गुरांची, वन्य प्राण्यांची वाट बंद करतो. खांबांवरच्या मार्गाला साडेसतरा मीटर रुंदीची पट्टी पुरते आणि पाणी व प्राणी खालून जाऊ शकतात. ठाणे खाडीच्या बाबतीतही वरून पूल न बांधता खाडीच्या तळाखालून बोगदा नेण्याचे ठरले. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा असून त्यातील सात किलोमीटर खाडीखाली आहे. खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. ते २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी येथे हजारो रोहित चिखल गाळून अन्न टिपताना दिसतात. त्यांच्या डोक्यावर खांब न रोवता खालून वाट काढणे हा शहाणपणाचा निर्णय होता.

तथापि बोगदा म्हणजे पर्यावरणाची हानी नाहीशी झाली असे नव्हे. ती अन्यत्र हलविली गेली. एकवीसपैकी सोळा किलोमीटर बोगदा यंत्राने खोदावयाचा आहे आणि यंत्राच्या कर्तनचक्राचा व्यास १३.६ मीटर आहे. शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या सूत्राने पाहावे. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १४५ चौरस मीटर येते. सोळा हजार मीटरने गुणले की तेवीस लाख घनमीटर. खडक फुटल्यावर त्याचे आकारमान आणखी वाढते, ते सोडून देऊ. एका मालमोटारीत दहा घनमीटर मावतात असे धरले, तरी दोन लाख तीस हजारांच्या आसपास खेपा होतात. हा राडारोडा कोणत्या रस्त्याने जाणार, कोणत्या खड्ड्यात, कोणत्या खाजणात किंवा पडीक म्हणविल्या जाणाऱ्या गायरानात पडणार, हा प्रश्न बोगद्याइतकाच मोठा आहे. वृत्तपत्रांत मात्र बोगद्याची चित्रे येतात. राडारोड्याचे चित्र क्वचित येते.

कांदळवन : संख्या आणि नाव

आता तिवरांकडे वळू. या मार्गासाठी प्रथम त्रेपन्न हजारांहून अधिक कांदळवृक्ष बाधित होतील असे सांगितले गेले होते. आराखड्यात बदल झाले आणि ती संख्या सुमारे बावीस हजारांवर आली. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली होती. सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी अनिवार्य केली होती. त्यानुसार अर्ज झाला आणि ९ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने परवानगी दिली. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे पाच झाडे लावण्याचे आश्वासन देण्यात आले होते.

त्रेपन्नाचे बावीस हजार होणे ही न्यायालयीन देखरेखीची आणि पर्यावरण संस्थांच्या चिकाटीची मिळकत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण एकाला पाच या हिशेबात एक भाषिक फसगत दडलेली आहे. कोळी आणि आगरी बांधवांच्या भाषेत त्या वनाला एकच नाव नाही. तिवर वेगळा, कांदळ वेगळा, चिपी वेगळी, मारांडी वेगळी. प्रत्येकाची खारेपणा सोसण्याची शक्ती निराळी, भरतीच्या पाण्यातील जागा निराळी. त्यांच्या मुळांत कोळंबी आणि जिताड्याची पिले वाढतात, निवट्या वावरतात, चिंबोऱ्या बिळे करतात. भरतीचे पाणी थोपविणे, वादळाचा मार सोसणे, गाळ धरून ठेवणे, कर्ब चिखलात पुरून ठेवणे ही कामे एक झाड करीत नाही. ते वन आणि तो चिखल मिळून करतात. दुसऱ्या खाडीत, जेथे भरतीचे पाणी योग्य उंचीवर पोहोचत नाही तेथे, रोपे लावली तर ती मरतात. जगली तरी त्यांचे वन होण्यास वर्षे लागतात, आणि तोवर पहिल्या खाडीतील मच्छीमाराने काय करावे, याचे उत्तर ‘पाच’ या आकड्यात नाही.

खाडी ओलांडून मार्ग उत्तरेकडे जातो तो वसई, पालघर, डहाणू, तलासरी या तालुक्यांतून. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तुंगारेश्वर अभयारण्य, दुसऱ्या बाजूला वारल्यांच्या वाड्या, भातखाचरे आणि चिकूच्या वाड्या. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित आहे. आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक आहे, आणि पालघरमधील अनेक ग्रामसभांनी या प्रकल्पाला विरोधाचे ठराव केले होते. पुढे वाटाघाटी झाल्या, मोबदले वाढले आणि जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाची जमीन ताब्यात आल्याचे जाहीर झाले. मोबदल्याने जमिनीचा प्रश्न मिटतो. त्या जमिनीवरच्या झऱ्याचा, डोंगरातल्या बोगद्यामुळे बदलणाऱ्या पाण्याच्या वाटेचा प्रश्न मोबदल्याच्या कागदावर नसतो.

अहवालाची भाषा

येथे मी माझ्या विषयाकडे येतो. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने. तिच्या अनुसूचीत खाणी आहेत, धरणे आहेत, महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. वनजमीन, अभयारण्य आणि सागरकिनारा यांसाठीच्या स्वतंत्र परवानग्या लागतात, परंतु संपूर्ण मार्गाचा एकत्रित विचार करून जनसुनावणी घेण्याचे बंधन त्या अधिसूचनेने रेल्वेवर घातलेले नाही. मुंबई–अहमदाबाद मार्गाचा पर्यावरणीय आघात-अभ्यास झाला तो मुख्यतः कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या मार्गदर्शक नियमांमुळे. त्या नियमांत असे म्हटले आहे, की स्थानिक लोकांना समजावून सांगताना कागदपत्रे त्यांना समजणाऱ्या भाषेत व स्वरूपात असावीत.

या एका अटीत लोकशाहीचे सार आहे, असे मी मानतो. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल आणि त्याचा दोन पानी मराठी गोषवारा यांत जे गळते, ते बहुधा नेमके तेच असते जे गावकऱ्याला हवे असते: कोणत्या सर्व्हे नंबरातील विहीर, कोणत्या ओढ्यावरचा खांब, कोणत्या महिन्यात सुरुंग. मराठीत अनुवाद झाला तरी तो कोणत्या मराठीत, हाही प्रश्न उरतो. ‘अधःस्तरीय जलधारक स्तरावरील संभाव्य प्रतिकूल आघात’ हे शब्द मराठी असले, तरी वाडीवरच्या बाईला ते इंग्रजीइतकेच परके आहेत. ‘बोगद्यामुळे तुमच्या विहिरीचे पाणी उतरू शकते’ एवढे म्हटले की तिला समजते, आणि ती लगेच विचारते, ‘मग तुम्ही काय करणार?’ अवघड परिभाषा हा प्रश्न टाळण्याचा एक सभ्य मार्ग असतो. आम्ही भाषेचे शिक्षकही या दोषाला काही अंशी जबाबदार आहोत. जड मराठी म्हणजे चांगली मराठी, हा समज आम्हीच रुजविला.

मागील पानांची उजळणी

रेल्वे आणि निसर्ग यांचा हा काही पहिला सामना नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याच्या याच खाडीकाठी येऊन थांबली होती. पुढील दशकांत रुळांखालच्या स्लीपरांसाठी इतकी जंगले तुटली, की इंग्रज सरकारला १८६४ मध्ये वनखाते स्थापावे लागले आणि १८७८ मध्ये कडक वनकायदा करावा लागला. त्या कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासी परका ठरला. रूळ टाकणाऱ्याने जंगल संपविले आणि शिक्षा झाली ती जंगलात राहणाऱ्याला.

कोकण रेल्वेचे उदाहरण तर आपल्या आठवणीतले आहे. ती २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुली झाली. कोकणातील माणसाला तिने घरी नेले, याचे मोल मोठे आहे. गोव्यात मात्र तिच्या मार्गावरून उग्र वाद झाला. तेथील खाजण शेती म्हणजे बांध आणि मानस यांच्या साहाय्याने खारे पाणी थोपवून, गोडे पाणी खेळवून केलेली शतकानुशतकांची रचना. तिच्यातून भराव गेला तर पाण्याचा खेळच बिघडेल, हे तेथील शेतकरी सांगत होते. डोंगर उभे कापल्याचा परिणामही पुढे दिसला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ पावसात दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जाळ्या, भिंती, गस्त आणि पावसाळ्यात वेगमर्यादा असे उपाय योजले गेले. निसर्गाचा विचार हा प्रवाशाच्या सुरक्षिततेहून वेगळा नसतो, एवढा बोध त्या दुर्घटनेतून घ्यावा.

जमेची बाजू

खर्चाचीच बाजू मांडून थांबलो, तर हा जमाखर्च अपुरा राहील. एक प्रवासी विमानाऐवजी किंवा एकट्याच्या मोटारीऐवजी रेल्वेने गेला, तर बहुतेक परिस्थितींत कर्बवायू कमी बाहेर पडतो. रेल्वे कमी जागेत अधिक माणसे नेते, अपघात कमी करते आणि उद्या वीज सूर्यापासून व वाऱ्यापासून येऊ लागली, की आपोआप अधिक स्वच्छ होते. हे लाभ खरे आहेत.

परंतु ते लाभ मिळण्यास काळ लागतो. खांब, पूल आणि बोगदे यांसाठी लागणारे सिमेंट व पोलाद तयार करताना प्रचंड कर्बवायू आधीच बाहेर पडलेला असतो. ते कर्ज पहिल्या दिवशी घेतले जाते आणि त्याची फेड गाडीत बसणारा प्रत्येक प्रवासी थोडी थोडी करतो. गाड्या भरून धावल्या, आणि त्यांतील प्रवासी खरोखर विमाने व मोटारी सोडून आलेले असले, तर फेड लवकर होते. तिकीट महाग ठेवले आणि डबे रिकामे राहिले, किंवा जे पूर्वी साध्या रेल्वेनेच जात होते तेच लोक वेगवान गाडीत बसू लागले, तर फेड लांबते. म्हणून तिकिटाचा दर हाही पर्यावरणाचा प्रश्न आहे. वेग जितका अधिक, तितका मार्ग सरळ. मार्ग जितका सरळ, तितके बोगदे व पूल अधिक. ते जितके अधिक, तितके हे आरंभीचे कर्ज मोठे. तरंगगाडीचा प्रस्ताव कधी आपल्यापुढे आलाच, तर हा हिशेब प्रथम मागावा.

आपला मार्ग

शेवटी आपल्या घरच्या रेल्वेविषयी. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर–मनमाड नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके तीस. इंदूरच्या मराठी कुटुंबांना या बातमीचे मोल निराळे सांगावयास नको. सेंधव्याचा घाट उतरत, धुळे–मालेगाव करीत, बसच्या खिडकीशी रात्र काढून आपण लग्नामुंजींना आणि दुखण्याखुपण्यांना जात आलो. ही गाडी मला हवी आहे, हे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगतो. हवी आहे म्हणूनच तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारीही आपली आहे. तिचा वेग तरंगगाडीचा नसेल, पण तिला विंध्य आणि सातपुडा ओलांडायचे आहेत, नर्मदा आणि तापी पार करायच्या आहेत, आणि बडवानी–खरगोनच्या भिल्ल-बारेला वस्त्यांच्या शिवारातून जायचे आहे.

मंजुरीच्या वेळी सरकारने सांगितले, की या मार्गामुळे १३८ कोटी किलो कर्बवायू वाचेल आणि ते साडेपाच कोटी झाडे लावण्यासारखे आहे. भागाकार केला तर एका झाडामागे पंचवीस किलो येतात. ही साडेपाच कोटी झाडे कोठेही लावलेली नाहीत. ती एक उपमा आहे. उपमा हा अलंकार आहे आणि अलंकाराला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जी झाडे खरोखर तोडली जातील, ती उपमेतली नसतील. तो सातपुड्यातला साग असेल, अंजन असेल, मोह असेल. त्या मोहाखाली कोणी फुले वेचीत असेल. लाभ झाडांच्या भाषेत सांगायचा असेल, तर हानीही झाडांच्याच भाषेत, नावानिशी आणि जागेनिशी सांगितली गेली पाहिजे.

आपल्या पूर्वजांनीही रेल्वे आणली होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. त्या कर्जातून पाताळपाणी–कालाकुंडचा घाटमार्ग उभा राहिला. आज पर्यटक ज्या दरीचे सौंदर्य पाहण्यासाठी तेथे जातात, ती दरी टिकली म्हणूनच त्या जुन्या मार्गाला मोल आहे. शंभर वर्षांच्या मुदतीने विचार करण्याची परंपरा या शहरात आहे, एवढेच त्यावरून सुचवावयाचे आहे.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, वकील आहेत, अधिकारी आहेत, पत्रकार आहेत. त्यांच्यासाठी चार प्रश्न ठेवतो. मार्गावरील विहिरी आणि झरे यांची पातळी खोदकामापूर्वी मोजून गावात जाहीर केली आहे काय? बोगद्यांचा व कापलेल्या डोंगरांचा राडारोडा कोठे टाकणार, त्याचा नकाशा उपलब्ध आहे काय? तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे पाच वर्षांनी किती जगली, हे कोण मोजणार आणि कोणाला सांगणार? आणि ही सर्व माहिती मराठीत, हिंदीत आणि निमाडी-बारेलीत, ऐकून समजेल अशा शब्दांत सांगितली आहे काय?

या चारही प्रश्नांना उत्तरे मिळाली, तर गाडीला उशीर होणार नाही. उलट शिझुओकाचे उदाहरण पाहिले, तर हे प्रश्न आरंभी न सोडविल्यामुळेच उशीर होतो असे दिसते. गुरुजी वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढीत ते निबंध नापास करण्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी तोच निबंध अधिक चांगला लिहून आणावा म्हणून. ती वही आता आपल्या हाती आहे.